हृदयाचा अतिरिक्त कार्यभार

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. आजवर कुणाचाच बसलेला नाही. सख्ख्या बायकोचा बसला नाही, तिथे तुमचं काय घेऊन बसलात. पण तुम्ही या दवाखान्यात नवीन दिसता, तुमचा नंबर यायला अवकाश आहे, आणि मघापासून तुम्ही समोरच्या भिंतीवरचं ते चौकटीतलं प्रमाणपत्र वाचताय, म्हणून सांगतो. 'दर्जा व सुरक्षितता तपासणीत उत्तीर्ण' असं त्यावर छापलंय आणि खाली डॉक्टरांचं नाव आहे. तिथे खरं म्हणजे माझं नाव हवं होतं. कारण ते प्रमाणपत्र माझं हृदय बंद पडल्यामुळे मिळालं. बंद पडलं म्हणजे अगदी ठार बंद. आणि तरी मी तुमच्यापुढे असा मांडी घालून बसलोय.

आमच्या डॉक्टरांची एक पद्धत आहे. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दुखणी राहतात. आतून आवाज येतो, "गुडघ्याला पाठवा." मग गुडघा उठून आत जातो. "डाव्या कानाला म्हणावं थांब, आधी दमा बघतो." डावा कान थांबतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गुडघा म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या रस्त्याने निघाल्या की अजूनही मोकाट कुत्री ओळीने चालतात. डावा कान म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी; त्यांना डावीकडून काहीही विचारा, ते "पुढच्या आठवड्यात देतो" असंच उत्तर देतात. हृदय म्हणजे आमच्या भागाचा पोस्टमन, फार सज्जन माणूस. ही नावं आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की या मुख्याध्यापिका बाईंच्या पुतणीच्या लग्नात दारावरचा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला "तुम्ही गुडघ्याकडचे की दम्याकडचे?" असं विचारत होता.

माझी मात्र तक्रार होती. मला ते बद्धकोष्ठ म्हणत.

तुम्ही हसलात. सगळेच हसतात. पण विचार करा, मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होतो. माझ्या सहीशिवाय अर्ध्या गावाच्या नळाला पाणी येत नसे. मोठमोठे बंगलेवाले माझ्या टेबलापुढे टोपी काढून उभे राहत, आणि मी मान हलवली की त्यांच्या घरी धो धो पाणी. अशा माणसाला भरल्या दवाखान्यात, चार बायामाणसांदेखत, "बद्धकोष्ठ, या आत" म्हणून हाक मारायची? एकदा मी डॉक्टरांना आडून सुचवलं की माझं पित्तही बरंच खवळलेलं असतं, त्या नावाने हाक मारलीत तरी चालेल. त्यांनी माझी जीभ बघितली आणि म्हणाले, पित्त दुसऱ्याचं आहे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून पत्र आलं, की आता लहान दवाखान्यांचीसुद्धा दर्जा आणि सुरक्षितता यांची तपासणी होणार, आणि जो नापास होईल त्याला टाळं. पत्राबरोबर एक माहितीपुस्तिका होती, उशीला पर्याय म्हणून चालेल एवढी जाड. डॉक्टरांनी ती वजनकाट्यावर ठेवून पाहिली, आकडा वाचला आणि म्हणाले, "बंद करा म्हणाले तर करू. मुलीकडे जाऊन राहतो. तिच्याकडे छान गॅलरी आहे."

त्या गॅलरीच्या नावाने आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. माझ्या तर आधीच होता. कारण हा दवाखाना गेला तर हमरस्त्यापलीकडचं ते मोठं इस्पितळ तेवढं उरतं. तिथे साधा खोकला सांगायला गेलं तरी आधी आडवं करतात, मग अंगठ्याला चिमटा लावतात, आणि मग विचारतात की आपण कशासाठी आलात. आमचे डॉक्टर पडद्याआडून खोकल्याचा आवाज ऐकून औषध सांगतात. पलीकडे तुमचा खोकला ऐकायला खोकल्याचा वेगळा डॉक्टर आणि तो ऐकू आला की नाही हे बघायला कानाचा वेगळा. आम्ही तिथे रांगेतच संपलो असतो.

तेव्हा मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की तपासणीची तयारी आपण पेशंट लोक करू. अध्यक्ष कुणी व्हायचं याची चर्चा सुरू होण्याआधीच मी अध्यक्ष झालो होतो. सरकारी नोकरीत एवढं एकच शिकायचं असतं. सिस्टर त्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. या सिस्टर म्हणजे इथल्या नर्स, कंपाउंडर, कारकून आणि गृहमंत्री. त्या म्हणाल्या, "काका, तयारी करा, पण कशाला हात लावू नका." ही सूचना मी तत्त्वतः मान्य केली.

पुस्तिकेत लिहिलं होतं, बाक हलता कामा नये, पेशंट पडू शकतो. मी सुतार बोलावला. सुताराने बाक जमिनीला असा पक्का ठोकला की भूकंपातही हलला नसता, फक्त तोंड भिंतीकडे करून ठोकला. नवा बाक येईपर्यंत आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, दवाखान्यात सर्वांना शिक्षा झालीय. त्यात मुख्याध्यापिका असल्यामुळे कुणी विचारायलाही धजत नसे. पुस्तिकेत लिहिलं होतं, तपासणीच्या खोलीला जाड पडदा हवा. शिंप्यांनी तो सेवाभावाने शिवला, कोटाच्या कापडाचा, आतून अस्तर लावून, आणि सवयीने त्याला दोन खिसे ठेवले. पडदा इतका जाड झाला की डॉक्टरांना बाहेरचा खोकला ऐकू येईना. मग तपासणीच्या खोलीला तो पडदा नको म्हणून आम्ही तिथे कुलपाचं दार बसवलं. ते दार वाऱ्याने आपटे, म्हणून त्याला आग विझवायचं लाल नळकांडं टेकवून ठेवलं. हे नळकांडं लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला.

हात धुण्याचं प्रात्यक्षिक बाईंनी घेतलं. आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं आणि बोटांच्या बेचक्या, मग अंगठे, मग नखं, असं तालावर धुवायला लावलं. माझ्या अंगठ्यांना ताल नाही असं त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या. हे सांगायची काही गरज नव्हती.

पण खरा खोडा घातला तो गोपनीयतेच्या कलमाने. एका पेशंटचं दुखणं दुसऱ्या पेशंटला कळता कामा नये. मी ते मोठ्याने वाचलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं: गुडघ्याने कानाकडे, कानाने दम्याकडे. आम्हाला एकमेकांची दुखणी सोडून दुसरं काही माहीतच नव्हतं.

सिस्टरांनी एक दिवस नावाने हाका मारून पाहिल्या. कुणी उठेचना. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा बाई शेजारणीला म्हणाल्या, "कोण आहे ही, हाक मारताहेत तर जात का नाही?" आणि जे आत गेले त्यांना डॉक्टर ओळखेनात. पोस्टमनला त्यांनी विचारलं की तुम्ही औषधं विकायला आलात का. मग तो बिचारा म्हणाला, "डॉक्टर, मी हृदय." तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसली.

त्या रात्री मला झोप आली नाही असं सांगितलं तर कादंबरीत शोभेल, पण मी झोपलो आणि सकाळी दात घासताना मला युक्ती सुचली. अगदी साधी. डॉक्टरांना दुखण्याच्याच नावाने हाक मारायची आहे ना? मारू दे. फक्त प्रत्येकाला दुसऱ्याचं दुखणं द्यायचं. 'दमा' म्हणून हाक मारली आणि शिंपी उठले, तर ऐकणाऱ्याला वाटणार शिंप्यांना दमा आहे. म्हणजे शिंप्यांचा कान गुप्त राहिला. गोपनीयता पाळली, डॉक्टरांची सवयही मोडली नाही. सिस्टर सगळ्यांना ओळखतातच, कुणाकडे खरं काय आहे ते त्या आत डॉक्टरांच्या कानात सांगतील. खात्यात आम्ही हेच करायचो. एका टेबलाचा माणूस रजेवर गेला की त्याचा कार्यभार शेजारच्या टेबलाला. काम कुणाचंच होत नसे, पण जबाबदारी सर्वत्र पोचलेली असे.

वाटपाच्या वेळी मात्र जी भांडणं झाली ती मी खात्याच्या बढत्यांतही पाहिली नाहीत. साखर सर्वांना हवी होती, खरूज कुणी घेईना. शेवटी मूळव्याध जो गैरहजर होता त्याच्या गळ्यात पडली. माझं बद्धकोष्ठ बाईंकडे गेलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आपोआप बाकावर उभं राहावंसं वाटलं. मी म्हटलं, "बाई, हा तात्पुरता अतिरिक्त कार्यभार आहे, कायम नेमणूक नाही." आणि हृदय? आता अध्यक्ष म्हणून काहीतरी जोखमीचं मी घ्यायलाच हवं होतं. पोस्टमनने ते आनंदाने देऊन टाकलं. म्हणाला, "सांभाळा हो, जरा नाजूक आहे."

तुम्हाला सांगतो, हृदयाची शान काही वेगळीच. "हृदय, या" अशी हाक आली की मी सावकाश उठायचो, छातीवर हात ठेवायचो, आणि लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी दार धरलं. ही बातमी गल्लीतही पसरली. वाणी माझी पिशवी स्वतः उचलून द्यायला लागला. व्याह्यांनी दूर गावाहून फोन करून चौकशी केली, ज्यांनी मुलीच्या लग्नानंतर चुकूनही केला नव्हता. फक्त आमची ही दारात उभी राहून म्हणाली, "छातीवर हात ठेवताय तो उजवीकडे ठेवताय. हृदय डाव्या बाजूला असतं." आणि त्या दिवसापासून तिने माझं तळलेलं बंद केलं, गोड बंद केलं आणि जिना चढायला त्रास नको म्हणून माझं अंथरूण खालच्या व्हरांड्यात घातलं. मोठेपणाला किंमत द्यावी लागते.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस म्हणून कुणीतरी मिशीवाले साहेब येतील अशा अंदाजाने मी कोट घालून बसलो होतो. आल्या त्या एक चणीने लहान, अतिशय गोड बोलणाऱ्या बाई. अशा गोड बोलणाऱ्यांची मला खात्यापासून भीती आहे. मॅडमनी फ्रिज उघडला; लशींच्या शेजारी सिस्टरांचा डबा होता. त्या गोड हसल्या आणि काहीतरी टिपलं. बाक हलवून पाहिला, हलला नाही. हात धुण्याचा तक्ता पाहिला. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी लगेच सर्वांना उंचीप्रमाणे उभं केलं, तेव्हा मॅडम घाईने म्हणाल्या, नको, दिसलं. डॉक्टर आत शांतपणे आपल्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या डोळ्यांत मला गॅलरी दिसत होती.

मग मॅडमची नजर त्या लाल नळकांड्याकडे गेली. आग विझवायचं साधन दाराला का टेकवलंय, ते भिंतीवर हवं, असं त्या म्हणाल्या. शिंपी चपळाईने पुढे झाले आणि त्यांनी ते उचललं. उचलल्याबरोबर दार धाडकन आपटलं आणि किल्लीशिवाय आतूनही न उघडणारं ते कुलूप बसलं. डॉक्टर आत, किल्ली डॉक्टरांच्या कोटात, आणि कोट बाहेर खुंटीवर असेल म्हणून पाहिलं तर तोही नव्हता. कोट धुवायला गेला होता. स्वच्छतेच्या कलमाखाली.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हरकत नाही, अशाच वेळी खरी परीक्षा होते. समजा, आत्ता इथे एखादा पेशंट कोसळला, तर तुम्ही काय कराल? प्रात्यक्षिक दाखवा. मी 'पुरे' म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही. मध्ये थांबलात तर नापास. मग त्यांनी बाकावर नजर फिरवली. "मघाशी सिस्टरनी हृदय म्हणून हाक मारली ते कोण? तुम्ही ना? पडा."

मी पडलो. असा पडलो की सांगून सोय नाही. खात्याच्या स्नेहसंमेलनात मी तीन अंकी नाटकात पहिल्या अंकापासून प्रेताचं काम केलेलं आहे, आणि त्या वेळी शेवटच्या रांगेतली माणसं हळहळली होती. शिंप्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका जीव ओतला मी त्यात की, खरं सांगतो, माझं हृदय खरोखरच बंद पडलं. मला स्वतःला जाणवलं. आतली टिकटिक थांबली, आणि मी मनात म्हटलं, चला, दवाखाना वाचला.

बाकीच्यांनी मात्र तो बुडवायचाच चंग बांधला. एक म्हणतो पाय वर करा, एक म्हणतो डोकं वर करा. दोघांनी एकदमच केलं, त्यामुळे मी मधे दुमडला गेलो. बाईंनी सर्वांना मागे सरकायला सांगितलं, इतकं मागे की मला काय झालंय ते कुणाला दिसेना. पोस्टमन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "नाजूक आहे म्हटलं होतं ना मी." प्राणवायूच्या सिलिंडरवर सिस्टरांनी वाळत घातलेले हातमोजे होते. ते काढेपर्यंत मी पुन्हा एकदा मेलो असतो. मॅडम टिपत होत्या. पान उलटल्याचा आवाज मला जमिनीवरून ऐकू येत होता.

आणि मग बंद दाराआडून डॉक्टरांचा आवाज आला. शांत, नेहमीसारखा.

"कोण पडलंय?"

"हृदय," सिस्टर म्हणाल्या.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आमचं हृदय की तुमचं हृदय?"

आता आली पंचाईत. खरं सांगावं तर मॅडमसमोर गोपनीयता मोडते आणि दवाखाना जातो. न सांगावं तर डॉक्टर चुकीचं औषध सांगणार आणि दवाखाना जातो. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाईचं डोकं मी मानलं. त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या, "डॉक्टर, अतिरिक्त कार्यभारवालं."

"असं होय," आतून सुटकेचा आवाज आला. "मग घाबरू नका. पडल्यावर आवाज कसा झाला? भरल्या पिंपासारखा की रिकाम्या?"

सिस्टर म्हणाल्या, भरल्या. तेवढ्यात शिंप्यांनी कात्रीच्या टोकाने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार अख्खंच्या अख्खं बाहेर आलं. डॉक्टर त्या दारावर पाय ठेवून माझ्यापाशी आले. नाडी पाहिली. नळी कानाला लावून छाती ऐकली. मग पोटावर दोन बोटं ठेवून टकटक केलं, जणू कुणी आत आहे का विचारताहेत. आणि उठून म्हणाले, "हृदयाला काहीही झालेलं नाही. एनिमाची तयारी करा."

साहेब, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी उठून बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती. पण 'पुरे' अजून आलं नव्हतं. मी उठलो की प्रात्यक्षिक मोडलं, दवाखाना बंद, डॉक्टर गॅलरीत, आणि गुडघा, कान, दमा, सगळे हमरस्त्यापलीकडच्या रांगेत. मी एक डोळा उघडून मॅडमकडे पाहिलं. त्या लेखणी रोखून उभ्या होत्या. मी डोळा मिटला. खात्यात असताना बंगलेवाल्यांनी कितीही दडपण आणलं तरी मी हललो नव्हतो. तिथेही हललो नाही. चौघांनी उचललं तरी प्रेतासारखा ताठ राहिलो. पोस्टमनने माझे पाय धरले होते.

आत टेबलावर मला कुशीवर वळवलं. सिस्टरांनी रबराची नळी काढली. साबणाच्या पाण्याचा वास आला. भिंतीकडे तोंड करून मी पडलो होतो आणि मनात म्हणत होतो, होऊ दे. आणि नेमक्या त्याच क्षणी, अगदी शेवटच्या क्षणी, दारात मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी लेखणी मिटून पर्समध्ये ठेवली. त्या म्हणाल्या, "पुरे." इतक्या वर्षांच्या तपासणीत पेशंटची डॉक्टरांवर एवढी निष्ठा आपण पाहिली नाही, असंही म्हणाल्या. मी उठलो, कोटाची बटणं लावली, त्यांना नमस्कार केला आणि ताठ मानेने, कोरडाठाक, या दारातून बाहेर आलो. असं मिळालंय ते प्रमाणपत्र. गोपनीयता शाबूत, दवाखाना शाबूत आणि माझी...

"काका," खिडकीतून सिस्टर म्हणाल्या, हातातल्या गोळ्या पुडीत बांधता बांधता, "नव्या माणसाला खोटं सांगू नका. मॅडम 'पुरे' म्हणाल्याच नाहीत. मी नळी हातात घेऊन दोनदा विचारलं त्यांना. म्हणाल्या, प्रक्रिया पूर्ण करा. आणि आपण ती केली."